मधमाशीच्या विषातील फॉस्फोलायपेज ए२ आणि दंशाची ॲलर्जी

प्रश्न

माझा धाकटा भाऊ महाबळेश्वर परिसरात सातेरी मधमाश्यांच्या पेट्या सांभाळतो. कित्येक वर्षे माश्या चावूनही त्याला जागेवर सूज येण्यापलीकडे काही होत नसे. अलीकडे इतर कामांमुळे त्याचे पेट्यांकडे जाणे कमी झाले होते; त्यानंतर मानेवर एकच दंश झाला आणि काही मिनिटांतच त्याच्या सर्वांगावर पित्त उठले, ओठ सुजले आणि रक्तदाब उतरून तो खाली कोसळला. रक्ततपासणीच्या अहवालात ‘एपि एम १’ या घटकाविरुद्ध आयजीई (ॲलर्जी घडवणारी) प्रतिपिंडे जास्त असल्याचे म्हटले आहे. हा घटक नेमका काय आहे, आणि इतकी वर्षे सोसलेले विष अचानक का बाधावे? शिवाय आमच्या आईला कंपवात आहे, आणि मधमाशीच्या विषाने तो बरा होतो असे एका परिचितांनी सांगितल्यामुळे ती माझ्या मागे लागली आहे. त्यात तथ्य आहे का?

प्रतिसाद : जीवरसायनशास्त्राची अध्यापिका

एपि एम १ हे फॉस्फोलायपेज ए२ या विकराचे (एन्झाइमचे) ॲलर्जीशास्त्रातील नाव आहे. १३४ अमिनो आम्लांचे हे प्रथिन युरोपीय मधमाशीच्या कोरड्या विषात साधारण दहा ते बारा टक्के असते. निम्मा भाग मेलिटिन या २६ अमिनो आम्लांच्या छोट्या पेप्टाइडचा असतो. पेशीचे आवरण ज्या फॉस्फोलिपिड रेणूंचे बनलेले असते, त्यांतील दुसऱ्या स्थानावरचे मेदाम्ल हा विकर कॅल्शियमच्या साहाय्याने तोडून वेगळे करतो. सुटलेल्या ॲराकिडोनिक आम्लापासून शरीर प्रोस्टाग्लँडिन आणि ल्यूकोट्राइन ही दाह वाढवणारी द्रव्ये तयार करते, आणि मागे उरलेले लायसोफॉस्फोलिपिड आवरण आणखी कमकुवत करते. मेलिटिन आवरणात छिद्रे पाडत असल्यामुळे विकराला आतले रेणू सहज सापडतात, म्हणून ही दोन्ही द्रव्ये एकत्र असताना सर्वांत घातक ठरतात.

मात्र आपल्या बंधूंना झालेला त्रास या तोडफोडीमुळे झाला असे समजू नये. एका दंशातून जेमतेम ५० ते १४० मायक्रोग्रॅम विष शरीरात जाते. तेवढ्याने निरोगी प्रौढाचा रक्तदाब कोसळत नाही. आग्यामोहोळ उठून शेकडो माश्या चावल्या, तर स्नायूंच्या आणि तांबड्या पेशी फुटून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ती खरी विषबाधा होय. येथे मात्र शरीराने त्या प्रथिनाला ओळखून दिलेला प्रतिसादच घातक ठरला आहे.

प्रतिसाद : ॲलर्जीतज्ज्ञ

वरील भेद महत्त्वाचा आहे. आयजीई प्रतिपिंडे त्वचेतील आणि रक्तवाहिन्यांभोवतीच्या मास्ट पेशींवर बसून राहतात. पुढच्या दंशात तेच प्रथिन भेटले की या पेशी हिस्टामिन आणि ट्रिप्टेज एकदम सोडतात, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. २०१३ साली उंदरांवरील संशोधनातून असे दिसले की हा विकर पेशींचे आवरण तोडतो, त्यातून आयएल-३३ हा संदेशवाहक सुटतो आणि प्रतिकारयंत्रणा आयजीई तयार करण्याकडे झुकते. ज्या क्रियेने तो पेशी फोडतो, तीच क्रिया त्याला प्रभावी ॲलर्जीकारक बनवते, हे मला फार विलक्षण वाटते.

‘अचानक का’ याचे उत्तर बहुधा दंशांच्या संख्येत आहे. वर्षाला दोनशेहून अधिक दंश घेणाऱ्या मधपाळांमध्ये गंभीर प्रतिक्रिया विरळ आढळतात, कारण वारंवार आणि भरपूर विष मिळाल्याने प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी वाढतात आणि ॲलर्जी रोखणारी आयजीजी४ प्रतिपिंडे तयार होतात. दंश मोजकेच राहिले, तर धोका उलट जास्त असतो. सातेरीच्या विषातील फॉस्फोलायपेज युरोपीय माशीच्या विकराशी पुष्कळ मिळताजुळता आहे, त्यामुळे युरोपीय माशीवर आधारलेली चाचणी येथेही उपयोगी पडते. गांधीलमाशीच्या विषातील फॉस्फोलायपेज ए१ मात्र वेगळ्या कुळातील आहे; म्हणून एपि एम १ ची चाचणी कोणती माशी चावली हे ठरवायलाही मदत करते. अहवालातील आकडा मोठा म्हणजे पुढची प्रतिक्रिया तेवढीच तीव्र, असे समीकरण मात्र मांडू नका.

प्रतिसाद : मधपाळ

नांगी रुतली की ती नखाने खरवडावी की चिमटीत धरावी, यात वेळ घालवू नये. मिळेल त्या रीतीने तत्काळ काढावी, कारण नांगीसोबत आलेली विषाची पिशवी माशी निघून गेल्यावरही विष आत ढकलत राहते आणि बहुतेक विष वीसेक सेकंदांत उतरते. तपासण्या पुऱ्या होईपर्यंत भावाने एकट्याने पेटी उघडू नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आईला काय सांगावे?

प्रतिसाद : ॲलर्जीतज्ज्ञ

उंदरांमध्ये या विकराने नियामक टी पेशी वाढून चेतापेशींचे रक्षण झाल्याचे प्रयोग आहेत. पॅरिसमध्ये मात्र कंपवाताच्या ४० रुग्णांना अकरा महिने दरमहा इंजेक्शने देऊन चाचणी घेण्यात आली आणि तिचा निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मधमाशीच्या विषाने हालचालींमध्ये लक्षणीय सुधारणा झाली नाही. त्याउलट स्पेनमध्ये, दोन वर्षे दंश-उपचार व्यवस्थित सोसलेल्या ५५ वर्षांच्या महिलेचा नंतरच्या एका दंशाने मृत्यू झाल्याची नोंद २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. आईंना हा उपचार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भावासाठी विष-प्रतिरक्षण उपचाराबद्दल तज्ज्ञांना विचारा. त्यात अत्यल्प मात्रेपासून वाढवत १०० मायक्रोग्रॅमपर्यंत नेऊन तीन ते पाच वर्षे इंजेक्शने देतात आणि बहुतेक रुग्णांना पुढच्या दंशापासून संरक्षण मिळते. तोपर्यंत ॲड्रेनालिन (तीव्र ॲलर्जीत तातडीने द्यायचे इंजेक्शन) सतत जवळ असावे, ते मांडीच्या स्नायूत कसे द्यायचे हे घरातल्या दोघांनी तरी डॉक्टरांकडून शिकून घ्यावे, आणि त्याला रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना आवर्जून दाखवावी.