मदत हवी आहे: नाल्यात संडासचं पाणी येतंय हे सिद्ध कसं करायचं?

राम राम मंडळी, धुळ्याहून लिहितोय. आमच्या कॉलनीमागचा पावसाळी नाला पुढे पांझरेला मिळतो आणि तो भर मे महिन्यातही वाहतो, म्हणजे कुणीतरी संडासची लाईन त्यात सोडलीय असा पक्का संशय आहे. ई. कोलाय या विष्ठेतल्या जंतूची टेस्ट होते पण ती गुरं, डुकरं, कुत्र्यांच्या घाणीनेही पॉझिटिव्ह येते आणि वरच्या अंगाला गोठे आहेतच, त्यामुळे तेवढ्यावर कोणी ऐकणार नाही. माणसाच्या आतड्यातल्या बॅक्टेरॉइड्स जंतूंचा एचएफ१८३ मार्कर (डीएनएमधली खूण) पीसीआर टेस्टने शोधतात, तो बऱ्यापैकी माणसाचाच असतो. जळगाव, नाशिककडे कुठली लॅब हे करते का? खर्च किती, सॅम्पल बर्फात ठेवून किती तासात पोचवायचं?

दुसरं म्हणजे साधा, ब्राइटनर (कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून वापरतात ते रसायन) नसलेला कापूस जाळीत बांधून काही दिवस पाण्यात ठेवायचा नि अंधारात यूव्ही टॉर्चखाली बघायचा, घरातल्या सांडपाण्यासोबत येणारं साबण पावडरीतलं ब्राइटनर असेल तर निळसर चमकतो. पण इथं बाया नाल्यावरच कपडे धुतात, मग फरक कसा कळणार? सोबत कॅफिन तपासलं तर चालेल का, गुरं काही चहा पीत नाहीत. खाली नदीत पोरं पोहतात हो, म्हणून घाई आहे. कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा भाऊ.