मदत हवी आहे: मेथी फ्रीझरमध्ये कशी टिकवायची?
जळगावला थंडीत मेथी-पालक स्वस्त असतो म्हणून फ्रीझ करून ठेवायचाय. मागच्या वर्षी मेथी धुऊन चिरून तशीच पिशवीत भरली तर काळपट पडली आणि नुसता दगड झाला, सुरीने पण तुटेना. पालक मात्र २ मिनिटं उकळत्या पाण्यातून काढून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकला, पिळून मुठीएवढे गोळे केले, तो रंगाला मस्त राहिला. पण मेथीचं असं केलं तर वासच जातो, मग खायची कशाला! फ्रीज सिंगल डोअरचा, लाईट रोज तासभर जाते. वाळवलेली मेथी सुचवू नका, घरात आहे, मला भाकरीसोबत ओली भाजीच हवी. तर मेथी तेलात परतून ठेवायची का उकळायची, उकळायची तर किती सेकंद? आणि भरितासाठी कांद्याची पात अशी टिकते का?