शब्दचर्चा : विरोधी पक्ष, विपक्ष आणि प्रतिपक्ष

प्रश्न : हे तीनही शब्द एकाच अर्थाने वापरलेले दिसतात. त्यांत फरक आहे का, आणि लिहिताना कोणता घ्यावा?

उत्तर : ‘विरोधी पक्ष’ हा शब्द मराठीत पुरता रुजलेला आहे आणि ‘विरोधी पक्षनेता’ हे पदनामही त्यावरूनच आले आहे, त्यामुळे त्याला चूक म्हणता येणार नाही. ‘विपक्ष’ हिंदीत अधिक चालतो. मला मात्र ‘प्रतिपक्ष’ सर्वांत नेमका वाटतो, आणि त्याचे कारण ‘पक्ष’ या शब्दातच आहे.

‘पक्ष’ म्हणजे पंख, बाजू, पंधरवडा. शुक्ल आणि कृष्ण असे दोन्ही पक्ष मिळून महिना पुरा होतो. ‘पार्टी’ या इंग्रजी शब्दाचे मूळही विभागणे या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. म्हणजे पक्ष हा कशाचा तरी भाग असतो. तो स्वतःला संपूर्ण म्हणवू लागला, की शब्दाचा अर्थच हरवतो. म्हणून ‘सत्ताधारी पक्षाने कायदा केला’ हे वाक्य मला खटकते. कायदा विधिमंडळ करते, त्याची अंमलबजावणी सरकार करते. पक्ष उमेदवार उभे करतो, जाहीरनामा मांडतो, विखुरलेल्या मागण्या एका कार्यक्रमात गोवतो आणि बहुमत मिळाल्यास सरकार बनवतो. जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्यातील, म्हणजे तेथील राज्यघटनेतील, २१ व्या कलमाने पक्षांचे काम ‘जनतेची राजकीय इच्छा घडवण्यात सहभागी होणे’ असे सांगितले आहे. त्यातील ‘सहभागी’ हा शब्द फार मोलाचा आहे, कारण ती इच्छा घडवण्याचा मक्ता त्याने पक्षांकडे दिलेला नाही.

आता ‘प्रतिपक्ष’. न्यायसूत्रांत, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, वादाची व्याख्या ‘पक्षप्रतिपक्षपरिग्रह’ अशी येते, म्हणजे प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे एकाने पक्ष घ्यायचा आणि दुसऱ्याने प्रतिपक्ष. जो स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचे केवळ खंडन करतो, त्याच्या बोलण्याला तेथे ‘वितंडा’ म्हटले आहे; आपला ‘वितंडवाद’ त्यातूनच आला. ‘विरोधी’ म्हटले की केवळ विरोध ऐकू येतो, ‘प्रतिपक्ष’ म्हटले की पर्यायी मांडणीची जबाबदारीही ऐकू येते. जर्मनीच्या त्याच कायद्यातील ६७ वे कलम पाहावे : तेथील संसदेला चॅन्सेलरवर, म्हणजे सरकारच्या प्रमुखावर, अविश्वास दाखवायचा असेल, तर त्याच्या जागी येणाऱ्याची बहुमताने निवड करावी लागते. प्रतिपक्षाकडून स्वतःच्या पर्यायाच्या मांडणीची अपेक्षा ठेवणारी याहून स्पष्ट तरतूद माझ्या पाहण्यात नाही. ब्रिटनमध्ये १९३७ च्या आणि भारतात १९७७ च्या कायद्याने विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून वेतन मिळू लागले. सरकारला जाब विचारणे हेही राज्यव्यवस्थेचेच काम आहे, याची ती मान्यता होय.

पुरवणी प्रश्न : ‘प्रतोद’ आणि ‘व्हिप’ एकच का?

उत्तर : इंग्रजीत ‘व्हिप’ ही पक्षाच्या सदस्यांना मतदानासाठी एकत्र ठेवणारी व्यक्तीही असते आणि त्यांना दिलेला आदेशही. शिकारी कुत्र्यांना कळपातून फुटू न देणाऱ्या माणसावरून तो शब्द संसदेत आला. ब्रिटिश संसदेत सदस्यांना आगामी कामाचा कागद दिला जातो, त्यालाही ‘व्हिप’च म्हणतात, आणि ज्या मतदानाला हजर राहणे अत्यावश्यक असते त्याच्या खाली तीन रेघा ओढलेल्या असतात. मराठीत ‘प्रतोद’ म्हणजे चाबूक, पण वापरात तो शब्द व्यक्तीसाठीच ठरला आहे. आदेशाला ‘पक्षादेश’ म्हणावे. हा भेद भारतात विशेष जपावा लागतो, कारण १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार, पूर्वपरवानगीशिवाय पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिल्यास किंवा मतदान टाळल्यास आणि पक्षाने ते पंधरा दिवसांत माफ न केल्यास सदस्यत्व जाऊ शकते. येथे आदेश महत्त्वाचा, तो पोहोचवणारी व्यक्ती नव्हे. म्हणून ‘प्रतोद बजावला’ असे न लिहिता ‘प्रतोदांनी पक्षादेश बजावला’ असे लिहावे.