बेळगावचं सेंट पॉल्स : गोव्याची पोरं तिकडे का जायची?

सांग्याचा_नातू
पोर्तुगीज नॅशनॅलिटीसाठी आजोबांचे कागद जमवतोय, त्यात त्यांची एलसी मिळाली. सेंट पॉल्स हायस्कूल, कॅम्प, बेळगाव. सोबत 1938 चं मॅट्रिक सर्टिफिकेट, बॉम्बे युनिव्हर्सिटीचं. घर सांग्यात, पणजीला सरकारी लिसेव (पोर्तुगीज हायस्कूल) होतं, तरी पोराला घाट चढवून बेळगावला का पाठवलं असेल? आणि आम्ही हिंदू, तर पाद्र्यांच्या शाळेत कसं काय? घरात सांगणारं कोणी उरलं नाही. कोणाला काही माहिती असेल तर सांगा प्लीज.

लोंढा_जंक्शन
पहिल्यांदा नकाशा डोक्यातून काढा, कारण तेव्हा सांगे ते बेळगाव म्हणजे चक्क परदेश होता. मधे इंटरनॅशनल बॉर्डर. कुळ्यापर्यंत पोर्तुगीज, वर कॅसलरॉकला ब्रिटिश, ट्रेन थांबायची आणि कस्टमवाले पेट्या उघडायचे.

लिसेव होतं, पण पोर्तुगीज मीडियम. ते करून लिस्बनला नाहीतर सरकारी हापिसात जाता येईल. मुंबईत नोकरी, कॉलेज, बोटीवर, आफ्रिकेत, सगळीकडे इंग्रजी आणि बॉम्बे मॅट्रिक लागायचं, आणि बेळगाव तेव्हा बॉम्बे प्रेसिडेन्सीत. म्हणून पुणे, धारवाड, बेळगाव. त्यातलं रेल्वेने जवळचं बेळगाव.

आता गंमत बघा. सेंट पॉल्स जेझुइटांचं, म्हणजे सेंट झेवियर ज्या कॅथलिक पाद्र्यांच्या संघातला त्या संघाचं, 1856 सालचं. म्हणजे मुंबईच्या झेवियर्स कॉलेजपेक्षा (1869) जुनं, पुण्याच्या सेंट व्हिन्सेंट्सपेक्षाही (1867). ज्या गोव्यात सेंट झेवियरचं शव आहे तिथूनच जेझुइटांना पोर्तुगीज सरकारने 1759 मध्ये हाकललं होतं. 1910 ला पोर्तुगालात राजा जाऊन रिपब्लिक आलं, तेव्हा पुन्हा हाकललं. ब्रिटिशांना त्यांचं वावडं नव्हतं, आणि बेळगावच्या कॅम्पात पलटणीत आयरिश कॅथलिक सोल्जर असायचे, त्यांनाही चर्च नि पाद्री लागायचेच. म्हणून झेवियरच्या गावच्या पोरांना झेवियरच्या संघाची शाळा हवी तर बॉर्डर ओलांडावी लागायची 😄

बार्देसकार
वरचं बरंचसं बरोबर, पण वाचून असं वाटेल की गोव्यात इंग्रजी शाळाच नव्हत्या. होत्या की! हडफड्याचं सेंट जोसेफ 1887 पासून आहे, आणि मुंबईच्या मॅट्रिकची तयारी करून घेणाऱ्या शाळा बार्देस-सालसेतमध्ये नंतर बऱ्याच झाल्या. पण सांगे म्हणजे आतला तालुका, तिथून म्हापसा काय नि बेळगाव काय, कुठेही पाठवा, पोर घराबाहेरच राहणार. मग बेळगावात एखादा नातेवाईक असला की झालं. आणि हिंदूंचं म्हणाल तर मिशनच्या शाळांमध्ये सारस्वतांची पोरं भरपूर असायची, इंग्रजी चांगलं होतंय ना मग बाकीचं घरचे बघून घेत.

कॅम्पातला_पोरगा
मी पॉलाइट, म्हणजे सेंट पॉल्सचा माजी विद्यार्थी हाय, म्हणून जरा जास्त बोलतो, सांभाळून घ्या 🙏 भायेरच्या लोकांना बेळगाव म्हटलं की महाराष्ट्र-कर्नाटक भांडण तेवढंच दिसतंय. शाळेनं त्याच्या आधीची पण बॉर्डर बगितलीया. आणि योगायोग बगा, 1956 ला शाळेला शंभर वर्सं झाली आणि त्याच वर्सी 1 नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातनं काढून म्हैसूर राज्यात घातलं. म्हणजे त्याच इमारतीत, त्याच बाकावर, थोरला भाऊ पुणे बोर्डाची एसएससी आणि धाकटा म्हैसूरची एसएसएलसी! फादरांना काय ओ, सिलॅबस येईल तसं शिकवायचं. पोरं मैदानात मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू सगळं मिसळून शिव्या द्यायची, वर्गात गेल्यावर इंग्लिश. त्यात बदल न्हाई.

गोव्याचा धागा पण तुटला न्हाई. 1955 ला भारतानं गोव्याची रेल्वे बंद केली तेव्हा ये-जा थांबली, 61 नंतर परत सुरू. आजपण शाळा जेझुइटांच्या गोवा प्रॉव्हिन्समधेच (त्यांच्या संघाचा विभाग) हाय, बेंगळूरच्या न्हाई. राज्य कर्नाटक, फादर गोव्याच्या प्रॉव्हिन्सचे, निम्मी पोरं घरात मराठी बोलणार. आणि फादर एडी मेमोरियल फुटबॉल असलं की अख्खा कॅम्प ग्राउंडवर, तेवढं येऊन बगाच.

सांग्याचा_नातू
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, थँक्यू सगळ्यांना. एलसीवर जन्मस्थळ 'पोर्तुगीज इंडिया' लिहिलंय, ते आत्ता डोक्यात बसलं. आजोबांची मावशी बेळगावला लागूनच्या शहापुरात दिलेली होती असं आई म्हणते, म्हणजे बार्देसकार म्हणतात तसंच असणार. एलसीचा वरचा कोपरा वाळवीने खाल्लाय, नवी कॉपी मिळेल का?

कॅम्पातला_पोरगा
शहापूर म्हणजे मग काय, तवा ते सांगली संस्थानात हुतं! आजोबा रोज आणखी एक हद्द ओलांडून शाळेला येत हुते 😂 कॉपीसाठी एलसीवर जनरल रजिस्टर नंबर असतोय, तो शाबूत हाय का बगा. हापिसात अर्ज देताना नंबर, शाळा सोडल्याचं साल आणि तुमचं नातं दाखवणारा कागद जोडा. परीक्षेच्या दिवसांत जाऊ नका, क्लार्कला वेळ नसतोय.