इल्फच्या छायाचित्रांतील अमेरिकी छोटी गावे : इतके पेट्रोल पंप कशासाठी?

निमशहरी (प्रश्न)

सोव्हिएत व्यंगलेखक इल्या इल्फ आणि येवगेनी पेत्रोव १९३५ च्या ऑक्टोबरात 'प्रावदा' या वृत्तपत्राचे विशेष प्रतिनिधी म्हणून न्यूयॉर्कला पोहोचले. तिथे त्यांनी एक नवी फोर्ड गाडी घेतली आणि सुमारे दोन महिन्यांत ती पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत नेऊन दक्षिणेकडील राज्यांतून परत आणली. इल्फ व्यवसायाने छायाचित्रकार नव्हता. तरी त्याने वाटेत लायका कॅमेऱ्याने काढलेली छायाचित्रे १९३६ मध्ये मॉस्कोच्या 'ओगोन्योक' साप्ताहिकात ११ भागांत छापली गेली.

छोट्या गावांची त्यातील छायाचित्रे मी अलीकडे लक्षपूर्वक पाहिली आणि गोंधळात पडलो. सरळ रस्ता, विजेच्या तारा, जाहिरातींचे फलक, पेट्रोल पंप, एकसारखी दुकाने असा सगळा मजकूर, आणि माणसे फारच थोडी. हे एका परक्या वार्ताहराने प्रामाणिकपणे टिपलेले चित्र आहे, की भांडवलशाही देशातील जीवन नीरस असते हे दाखवण्याची कामगिरी त्याच्यावर सोपवलेली होती? शिवाय तिथली छोटी गावे खरोखरच इतकी एकसारखी होती का? जाणकारांनी कृपया लिहावे.

जुनीफिल्म

कामगिरीचा संशय येणे स्वाभाविक आहे. परंतु अमेरिकेची नाचक्कीच करायची असती, तर त्या वर्षी इल्फला साहित्य शोधत फिरावे लागले नसते. महामंदी संपलेली नव्हती. ज्या ओक्लाहोमातून आणि टेक्ससच्या उत्तर टोकातून ही गाडी गेली, तिथे त्याच वर्षीच्या १४ एप्रिलला धुळीच्या वादळाने भरदिवसा अंधार केला होता आणि शेतकरी कुटुंबे गाव सोडून कॅलिफोर्नियाकडे निघाली होती. असे असूनही हा माणूस पेट्रोल पंपासमोर थांबतो, याचे कारण त्याच्या वाचकांमध्ये शोधले पाहिजे.

'ओगोन्योक'च्या बहुतेक वाचकांकडे मोटार नव्हती आणि त्यांच्या गावापर्यंत पक्का रस्ताही नव्हता. फोर्ड कंपनीशी १९२९ मध्ये झालेल्या कराराच्या मदतीने उभारलेल्या गोर्की येथील कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या त्या १९३२ मध्ये. अशा वाचकाला आडगावातही डांबराचा किंवा काँक्रीटचा रस्ता असतो, पेट्रोल भरणारा माणूस न सांगता समोरची काच पुसतो, तेल, पाणी आणि चाकातील हवा पाहतो, हे वर्णन अद्भुत वाटले असणार. इल्फ-पेत्रोव यांनी या सेवेची मनापासून स्तुती केली आहे. आपल्याला जे चित्र रुक्ष वाटते, ते त्यांच्या वाचकाला हेवा वाटावा असे होते.

नीरसतेबद्दलची त्यांची तक्रारही खरी आहे, ती मी नाकारत नाही. गावातील मुख्य रस्ता, त्यावरचे औषधांबरोबर जेवणही विकणारे ड्रगस्टोर आणि तिथली क्रमांकानुसार मागवायची बेचव थाळी यांना ते लवकरच कंटाळले. (जेवणाबाबत माझी सहानुभूती पूर्णपणे त्यांच्याकडे आहे.) पण त्याच लिखाणात साध्या माणसांच्या मोकळेपणाचे, वाटेत गाडीत घेतलेल्या प्रवाशांशी झालेल्या गप्पांचे कौतुकही आहे. देश आठवताना उंच इमारतींचे न्यूयॉर्क नव्हे, तर दोन रस्त्यांचा छेद आणि तिथला पेट्रोल पंप डोळ्यांसमोर येतो, अशा आशयाचे त्यांनी लिहिले आहे. प्रचारासाठी पाठवलेला माणूस इतकी बिनउपयोगाची वस्तू देशाची खूण म्हणून निवडणार नाही.

प्रेअरीकर

मी बरीच वर्षे इलिनॉयमधील एका लहान गावात राहतो, म्हणून एकसारखेपणाबद्दल लिहितो. तो इल्फच्या नजरेचा दोष नाही, त्यामागे जमिनीची मोजणी आहे. १७८५ च्या कायद्यानुसार पश्चिमेकडील जमीन सहा मैल लांब-रुंद चौकोनांत आखली गेली आणि प्रत्येक चौकोनाचे ३६ भाग, म्हणजे प्रत्येकी एक चौरस मैल किंवा ६४० एकर, पाडले गेले. नदी, टेकडी काहीही आडवे येवो, रेघ सरळच जायची. पुढे रेल्वे आली आणि तिने आपल्या सोयीने गावे वसवली. इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या मार्गावरील अनेक गावांचे नकाशे तर एकाच साच्यातून काढलेले होते. त्यामुळे रुळांशेजारी धान्याचे उंच कोठार, पाण्याची टाकी, विटांच्या दुमजली दुकानांची ओळ आणि तालुक्याचे ठिकाण असेल तर मधोमध न्यायालयाची इमारत, हा क्रम गाव बदलले तरी फारसा बदलत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. क्रमांक दिलेले महामार्ग १९२६ मध्ये ठरले आणि ते बहुधा गावाच्या मुख्य रस्त्यावरूनच जात. इल्फला निदान दुकानांच्या पाट्या, कठड्याला टेकून उभी असलेली माणसे दिसली. १९५६ च्या कायद्यानंतर जे द्रुतगती मार्ग बांधले गेले, त्यांनी अशा कितीतरी गावांना वळसा घातला. आजच्या परदेशी छायाचित्रकाराला मुद्दाम गाडी वळवल्याशिवाय आमचे गाव दिसतच नाही.

अंधारखोली

वरील दोन्ही उत्तरे मान्य करूनही इल्फला इतक्या सहज सोडावे असे मला वाटत नाही. त्याची छायाचित्रे गाडी जिथे थांबते तिथेच थांबतात. त्याच सुमारास अमेरिकी सरकारच्या पुनर्वसन खात्यात रॉय स्ट्रायकर छायाचित्रकारांच्या हाती विषयांच्या याद्या देत होता, आणि १९३६ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट लिंड यांच्याशी चर्चा केल्यानंतर त्याने छोट्या गावासाठी केलेल्या यादीत संध्याकाळी माणसे घरी काय करतात, हाही विषय होता. इल्फ अशा घराच्या आत फारसा गेलाच नाही. इंग्रजीची अडचण होती, वेळ कमी होता, आणि मोटार चालवणाऱ्या फ्लोरेन्स ट्रोन व त्यांचे पती सॉलोमन यांच्या मध्यस्थीशिवाय बोलणेही कठीण होते.

उलट उदाहरण रॉबर्ट फ्रँकचे घ्या. झुरिकमध्ये जन्मलेला हा छायाचित्रकार १९४७ मध्ये अमेरिकेत आला आणि गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर १९५५-५६ मध्ये देशभर फिरला. आर्कान्सामधील मॅकगेही या गावी परकीय उच्चार आणि सामान पाहून पोलिसांनी त्याला काही तास अडकवून ठेवले होते. त्याने सत्तावीस हजारांहून अधिक चित्रे टिपली आणि 'द अमेरिकन्स'मध्ये त्यांतील ८३ ठेवली. मोंटानातील ब्यूट या खाणगावाचे त्यातील चित्र हॉटेलच्या खिडकीतून, पडद्यांच्या मधून घेतलेले आहे. म्हणजे तोही बाहेरचाच आहे, पण ते बाहेरचेपण चित्रात उघडपणे मांडलेले आहे. अमेरिकी समीक्षकांना ते पुस्तक सुरुवातीला झोंबले. इल्फच्या पेट्रोल पंपाने कोणत्याही अमेरिकी माणसाला राग आला असता असे मला वाटत नाही, आणि छायाचित्रकार म्हणून मला त्याची मर्यादा तिथेच दिसते.

निमशहरी

सर्वांचे आभार. 'ओगोन्योक'च्या वाचकाचा विचार मी केलाच नव्हता. आता तेच अंक वाचकाच्या जागी बसून पुन्हा पाहीन. अंधारखोली, आपला आक्षेप मात्र मला थोडा कठोर वाटतो. ही छायाचित्रे मजकुरासोबत छापण्यासाठीच घेतली होती, आणि घरातले आणि मनातले जे आहे ते त्या मजकुरात, गाडीत घेतलेल्या प्रवाशांच्या तोंडून, बऱ्यापैकी आले आहे.