मी खरंच इंट्रोव्हर्ट आहे का?

प्रश्न: ऑनलाइन टेस्टमध्ये इंट्रोव्हर्ट, म्हणजे अंतर्मुख, आलं तेव्हा खूप हलकं वाटलं, पण आता कुणी बोलावलं की माझा स्वभावच असा म्हणून मी आधीच नाही म्हणते. असं लेबल लावून घ्यावं का?

उत्तर १: अंतर्मुख-बहिर्मुख ही विभागणी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने १९२१ मध्ये मांडली, पण आता मानसशास्त्रात ते दोन कप्पे नाही मानत, बहुतेक लोक मधेच कुठेतरी असतात.

उत्तर २: नाव मिळालं की धीर येतो हे खरंय, आपल्या एकट्यालाच असं होतं ही भीती जाते. दुसऱ्याला लावताना मात्र जपा. माझ्या बहिणीला घरात सगळे हट्टी म्हणायचे, मग ती शांतपणे नाही म्हणाली तरी तो हट्टच वाटायचा.

प्रश्नकर्ती: पटलं. शनिवारी मैत्रिणीकडे जातेय, दमले तर लवकर निघेन.