पिकअपला हायड्रोजन किट बसवू का? ॲव्हरेज खरंच वाढतं का?

तासगावचा_पिकअपवाला
नमस्कार मंडळी. माझी डिझेल बोलेरो पिकअप आहे. सीझनला तासगाव-सावळजची द्राक्षं वाशीला नेतो, एरवी बेदाणा नाहीतर मिळेल ते भाडं. भरल्या गाडीला साडेबारा-तेराचं ॲव्हरेज पडतं. गेल्या आठवड्यात सांगलीत विश्रामबागेत हायड्रोजन किट बसवणारा एक जण भेटला. पाण्याचा डबा, आत स्टीलच्या पट्ट्या, बॅटरीवरून करंट आणि निघालेला गॅस एअर फिल्टरच्या पाइपात. २८ हजार सांगतो, तीस टक्के डिझेल वाचेल म्हणतो. बुडबुड्यांना काडी लावून फटाफट वाजवूनही दाखवले. गडकरी साहेब हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले तो व्हिडिओ दाखवला. मला महिन्याला चाळीस हजारांचं डिझेल लागतं, म्हणजे अडीच महिन्यांत पैसे वसूल. वडील म्हणतात, आधी सोसायटीचं कर्ज फिटू दे. कुणी बसवलंय का?

मिरज_स्टेशन_रोड
माझ्या मेहुण्यानं पेट्रोल स्विफ्टला बसवलंय. १७ वरून २० वर गेलं म्हणतो. पिकअपचं माहीत नाही.

कुपवाड_पंपवाला
तासगावकर दादा, पैसे देऊ नका. कुपवाड एमआयडीसीत इंजिनातले डिझेल पंप आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारणारी) दुरुस्त करायचं माझं काम आहे, २६ वर्षं झाली. असं किट बसवलेली एक पिकअप गेल्या वर्षी माझ्याकडे आली होती, म्हणून सविस्तर लिहितो.

गॅस होतो, त्यात खोटं काही नाही. पण तो किती होतो आणि तेवढा करायला डिझेल किती जातं, हे विकणारा सांगत नाही. त्या किटात सहा सेल होते आणि ते १५ अँपिअर खेचायचं. एवढ्या करंटला मिनिटाला लिटरभराच्या आतच गॅस होतो, दोन वाटे हायड्रोजन, एक वाटा ऑक्सिजन. वजनावर घेतला तर तासाला साडेतीन ग्रॅमसुद्धा हायड्रोजन भरत नाही. त्यातली उष्णता ११-१२ मिली डिझेलाएवढी. खोकल्याच्या औषधाची दोन टोपणं.

आता खर्च बघा. १५ अँपिअर, १४ व्होल्ट म्हणजे २१० वॅट. भर दुपारी चार हेडलाइट लावून फिरल्यासारखंच. ही वीज अल्टरनेटर करतो, अल्टरनेटरला पट्टा फिरवतो, पट्ट्याला इंजिन आणि इंजिन चालतं तुमच्या डिझेलावर. अल्टरनेटरमध्ये निम्म्याच्या जवळपास ताकद वाया जाते, इंजिनात दोन तृतीयांश. हिशेब टाकीपर्यंत मागं नेला तर तासाला शंभर-सव्वाशे मिली डिझेल होतं. सव्वाशे घालून बारा मिळवायचे.

“डिझेल अर्धवट जळतं, हायड्रोजन ते पूर्ण जाळतो,” असंही तो सांगेल. धड असलेल्या डिझेल इंजिनात ९८ टक्क्यांच्या वर डिझेल जळतंच. जळलेल्या डिझेलाची जी ताकद वाया जाते ती उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून, आणि ती उष्णता या डब्यानं परत येत नाही.

गडकरी साहेबांची ती गाडी टोयोटा मिराई, मार्च २०२२ मधली गोष्ट. तिच्यात इंजिनच नाही. हायड्रोजन बाहेरून भरतात, साडेपाच किलोच्या आसपास, ७०० बार दाबानं. फ्युएल सेल त्याची वीज करतो आणि मोटर फिरते. विश्रामबागेतल्या डब्यानं तेवढा हायड्रोजन करायचा तर गाडी दोन महिन्यांहून जास्त दिवसरात्र चालू ठेवावी लागेल.

आलेल्या पिकअपचं मी मोजमाप घेतलं. मालकाला वही दिली, डिझेल भरायचा पंप एकच, त्याचं नोझलही एकच, टाकी काठोकाठ, तोच इस्लामपूरचा फेरा. तीन टाक्या किट चालू, तीन टाक्या फ्यूज काढून. चालू असताना १२.९, १३.१, १२.८. बंद असताना १३.०, १३.२, १२.९. मालक खूप वेळ वहीकडे बघत बसला. ते पैसे त्यानं बायकोची बांगडी गहाण ठेवून भरले होते. मला ते आजही लागतं, म्हणूनच एवढं लिहितोय.

आणि नुकसान वेगळंच. पाण्यात वीज वाहावी म्हणून कॉस्टिक पोटॅश घालतात. बबलर, म्हणजे गॅस ज्या पाण्यातून जातो ती बाटली, रिकामा झाला होता. पोटॅशचे तुषार इंजिनकडे गेले आणि अॅल्युमिनियमचं इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारी नळी, आतून खाल्लं गेलं. बबलर कोरडा असताना ठिणगी मागं आली तर डबाच फुटतो, तुम्ही काडी लावून पाहिलंयच.

मिरजेचे दादा, पेट्रोल गाडीत बऱ्याचदा किटबरोबर ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीत एक चिप घालतात. ती कॉम्प्युटरला फसवून पेट्रोल कमी सोडायला लावते. मिक्श्चर पातळ झालं की इंजिन तापतं, व्हॉल्व्ह आणि पिस्टन धोक्यात येतात. मेहुण्यांना एकदा बॉनेट उघडून बघायला सांगा. शिवाय किट बसवताना एअर फिल्टर बदलला, टायरात हवा भरली आणि माणूस जपून चालवायला लागला, तर किटचा फ्यूज काढूनही ॲव्हरेज वाढतं.

मिरज_स्टेशन_रोड
मेहुण्याला फोन केला. फिल्टर त्याच दिवशी बदलला होता. वायरीत काळी डबी आहे म्हणतो, ती काढायला सांगितली.

तासगावचा_पिकअपवाला
काका, एवढा वेळ काढून लिहिलंत, मनापासून आभार. आज हवा बघितली, मागचा डावा टायर बराच उतरला होता. चढाला काळा धूर पण सोडते, मला वाटायचं लोडमुळं असेल.

कुपवाड_पंपवाला
लोडमुळं थोडा येतो, पण कायम येत असेल तर नोझल थेंब टाकत असेल. आधी एअर फिल्टर बदला. रिकाम्या गाडीलाही धूर दिसला तर घेऊन या, चारही नोझल टेस्टरवर तुमच्यासमोर लावतो. येताना टाकी काठोकाठ भरा आणि किलोमीटर वहीत लिहा.